पुढचंही मान्य

ईरण्णाने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. ती त्याने उन्हाकडे धरली, बोटाने चाचपली आणि कागद शिवप्रियाच्या हातात परत दिला.

"मागं काय न्हाय," तो म्हणाला.

"मागं काय असणार काका? एकाच पानाचं आहे सगळं."

"आज न्हाय गं. उद्या कुणी लिहिलं म्हंजे?"

शिवप्रियाने ओढणीने कपाळ पुसलं. तुळजापूरहून सकाळची एसटी धरून ती जळकोटला आली होती आणि गेला तासभर हेच चाललं होतं. म्हातारा चहा पाजत होता, आईची तब्येत विचारत होता, आणि संमतीच्या अंगठ्याचा विषय निघाला की कागद उलटा करून बघत होता. हायवेवरून ट्रक जात होते. घरापुढच्या लिंबाची सावली आक्रसून बुंध्याशी गेली होती. बारा वाजायला आले होते.

ईरण्णा हेळवी. हेळवी म्हणजे पिढ्या सांगणारा. त्याचा आजा सुगी झाली की बैलावर बसून या भागातल्या घरांपुढे यायचा आणि दारातूनच त्या घराच्या सात पिढ्यांची नावं एका दमात म्हणायचा. बापाकडेही बैल होता. ईरण्णाकडे मोपेड आली. नावं मात्र तीच, आणि ती ज्यात लिहिली होती ते लांबोडकं, खारव्याच्या जाड लाल कापडात गुंडाळलेलं बाडही तेच.

नऊ वर्षांपूर्वी शिवप्रिया आणि तिचा थोरला भाऊ श्रीशैल याच कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. घराण्यांच्या वंशावळी ठेवायचा एक प्रोग्राम दोघांनी लिहायला घेतला होता. नाव 'मूळपान'. कुणीही फुकट घ्यावा, उघडून आत बघावा, बदलावा, पुढच्याला द्यावा, असा. पण कोण कुणाचं काय लागतं, दत्तक गेलेल्याचं नाव कुठल्या पानावर राहतं, दोन बायकांची मुलं कशी मांडायची, हे नियम ठाऊक होते ते एकट्या ईरण्णाला. त्याने सांगितले, श्रीशैलने उतरवून घेतले. प्रोग्रामवर तिघांची नावं लागली.

परवान्याची, म्हणजे प्रोग्राम कुणी कसा वापरायचा त्या अटींची, गोष्ट तेव्हाच निघाली होती. असले परवाने लिहिणारी काही मंडळी दूर कुठल्या देशात बसलेली असतात. प्रोग्राम करणारे त्यांचा मजकूर जसाच्या तसा आपल्या कामाला लावतात. त्यात एक ओळ होती: हा परवाना, किंवा याच मंडळींनी यानंतर काढलेली कोणतीही आवृत्ती. श्रीशैलने आपल्या भागावर ती हसत हसत ठेवली. संमतीच्या रकान्यात नुसतं 'मान्य' लिहायचं, तर या पठ्ठ्याने लिहिलं, 'मान्य. पुढचंही.' शिवप्रियानेही ती ओळ ठेवली. ईरण्णाने ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाला, माझ्या भागावरनं एवढी खोड. त्याच्या भागावर लागलं: फक्त हीच आवृत्ती.

"तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, आम्ही ऐकलं," शिवप्रिया म्हणाली. "पण आता बघताय ना काय झालं? त्या कंपनीने आपलाच प्रोग्राम उचलला आणि स्वतःच्या मशीनवर बसवला. लोक तिथं जाऊन बापजाद्यांची नावं भरतात आणि ती तिथंच अडकून पडतात. आत काय बदललंत ते दाखवा म्हटलं, तर म्हणतात, आम्ही प्रोग्राम कुणाला देतच नाही, नुसता चालवतो. जुन्या परवान्यात ही फट राहिलीय काका. नव्या आवृत्तीत ती बुजवलीय. नुसता चालवणाऱ्यालाही सगळं उघडं ठेवावं लागतं."

"गेलं ते येतं व्हय मागं?"

"ते नाही येत. इथून पुढचं तरी वाचेल."

"आन् नव्यातबी फट निघाली तर?"

"तर ते आणखी नवीन काढतील. म्हणून तर ती ओळ असते. दर वेळी अंगठे मागत हिंडायला नको."

"हितंच तर मेख हाय," ईरण्णा म्हणाला. "ती माणसं तू बघितलीस?"

"नाही."

"मग कशावर एवढा भरोसा?"

"आजवर त्यांनी कुणाला फसवलेलं नाही. आणि लिहूनच दिलंय त्यांनी, पुढच्या आवृत्तीत तपशील बदलतील, पण आत्मा तोच राहील."

ईरण्णाने हातातली कपबशी खाली ठेवली.

"आत्म्याचं मला नको सांगू, अव्वा," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

शिवप्रियाला राग आला होता. म्हाताऱ्याचा आला होता आणि स्वतःचाही, कारण तिला रडू फुटेल की काय असं वाटत होतं. सहा वर्षांपूर्वी श्रीशैल सोलापूरला जाऊन येतो म्हणून घरातून निघाला तो परत आलाच नाही. पोलिसांत नोंद झाली, पेपरात फोटो आला, सोनारीच्या भैरोबाला नवस बोलून झाला. फोन नाही, चिठ्ठी नाही, कुणी पाहिलं म्हणणारं माणूस नाही. मागे राहिले त्याचे चार शर्ट आणि मूळपान. शर्ट कपाटात होते. मूळपान तेवढं अजून वाढत होतं, लोक वापरत होते, आणि आता ते परक्याच्या कुलपात जाऊन बसलं होतं. ते सोडवायला हा एक अंगठा कमी पडत होता. श्रीशैलची संमती लागणार नव्हती. त्याने ती नऊ वर्षांपूर्वीच पुढच्या सगळ्याला देऊन टाकली होती. तरी चार महिन्यांपूर्वी इंटरनेटवर नव्या संमतीचं पान तयार करताना तिने तिसरा रकाना त्याच्या नावाने मांडला होता. तो रिकामाच होता.

ईरण्णा बाहेर आला तो बाड, दौत, बोरू आणि कालचं वर्तमानपत्र घेऊन.

"नाव सांग तुझं."

"काका, आता हे काय मध्येच?"

"सांग की."

तिने सांगितलं. ईरण्णाने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला लिहिलं, शिवप्रिया. गोल, सुबक, शाळेत घोटलेलं अक्षर. मग त्याने बाडाचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि तेच नाव तिथं लिहिलं.

शिवप्रिया वाकली. बाडातलं अक्षर डावीकडे कललेलं होतं, आणि प्रत्येक उभी रेघ खाली जाऊन आकड्यासारखी वळली होती.

ईरण्णाने मधलं एक पान काढलं. कागद तपकिरी पडलेला, कडा कुरतडलेल्या. अक्षर तेच. तोच कल, तेच आकडे.

"ह्ये माझ्या अज्जाचं. उसाच्या चरकात अंगठा गेला हुता त्याचा. चार बोटांत बोरू धरायचा, म्हणून खाली आकडा पडायचा."

"लहानपणी तुम्ही त्यांचं बघून गिरवलं असेल."

"म्या जन्मायच्या आधी गेला त्यो."

"मग वडिलांचं बघून."

"बापाचं बघ." त्याने आणखी चार पानं उलटली. तेच आकडे. "माझ्या बापाचे दोन्ही अंगठे शाबूत हुते."

ईरण्णा बोरूचं टोक फडक्याने पुसत बसला.

"अज्जा जाताना बापानं त्याला शब्द दिला," तो म्हणाला. "यापुढं ह्या बाडात जे लिहिलं जाईल ते मान्य. साधी गोष्ट वाटली असंल त्याला. म्हातारं माणूस, समाधानानं जाऊ दे. तवापासनं आमी लिहीत न्हाय अव्वा. आमी नुसता बोरू धरतो."

"काका..."

"आईक. हरेक घराच्या पानाखाली बघ, घरच्या कर्त्याचा अंगठा हाय. पुढचं मान्य, म्हणून. अंगठा असला की पान उघडं. दोन सालामागं बलभीमच्या घरचं पान काढलं. नातवाचं नाव घालायचं हुतं. बलभीम असाच समोर चहा पीत बसलेला, तू बसलीस तिथं. म्या नातवाचं नाव लिहिलं, आन् हात आपसूक वर गेला. बलभीमच्या नावाखाली रेघ ओढली."

नावाखाली रेघ म्हणजे माणूस गेलं. शिवप्रियाला हे ठाऊक होतं. मूळपानातही तोच नियम होता, श्रीशैलनेच बसवलेला.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय. कपबशी त्याच्या हातातनं म्या काढून घेतली."

हायवेवरून एक ट्रक गेला, मग बराच वेळ काहीच गेलं नाही. शिवप्रिया कट्ट्यावर वीतभर बाजूला सरकली.

"वय झालं असेल त्यांचं," ती म्हणाली.

"व्हय. ऐंशीच्या पुढं हुता. म्याबी मनाला तेच सांगतो."

त्याने बाड आपल्याकडे फिरवलं, थुंकी न लावता एकेक पान उलटत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"ह्ये तुमचं."

वर पणजोबा, खापरपणजोबा, सगळ्यांच्या नावांखाली रेघा. खाली तिचे वडील, गुरुलिंग. त्यांच्याखाली दोन नावं शेजारी शेजारी, श्रीशैल आणि शिवप्रिया. पानाच्या तळाशी वडिलांच्या अंगठ्याचा फिकट ठसा.

"बाबांच्या नावाखाली रेघ नाही," ती म्हणाली.

"कशी असंल? त्यो गेला तसा त्याचा अंगठा सरला. पान बंद. पुढचा अंगठा थोरल्या लेकाचा. श्रीशैलला किती डाव म्हटलं, तर म्हणायचा, काका, पुढच्या सुगीला. कवा न बघितलेल्या परक्यांना जन्माचा शब्द देऊन मोकळा झाला गडी, आन् मला वायदा!" ईरण्णा पहिल्यांदाच थोडा हसला, आणि ते हसू लगेच मावळलं. "अकरा वर्सं झाली. तुझा बाप माझ्या बाडात अजून जित्ता हाय. आन् ह्यो..." त्याने श्रीशैलच्या नावाशेजारी बोट टेकलं, नावाला लागू न देता. "ह्योबी."

मग तो म्हणाला, "तुझं काम माझ्या अंगठ्यावर अडलंय, माझं पान तुमच्या घरच्या. तू दे. म्या देतो."

"मुलीचा चालतो?"

"चालत न्हाय असं बाडात कुठं लिहिलं न्हाय. आजवर कुणी मागितला न्हाय, एवढंच."

एवढंच ना, असं म्हणून शिवप्रियाने दौतीकडे हात नेला, आणि तो मध्येच थांबला. तिची नजर श्रीशैलच्या नावावर गेली होती. नावाखालचा कागद कोरा होता. बोटभर जागा, पिवळट, स्वच्छ. सहा वर्षं ती आणि आई त्या बोटभर जागेवर जगत होत्या.

"काय लिहिलं जाईल?" तिने विचारलं.

"मला काय ठावं? मघापासनं सांगतोय काय म्या?"

"तुम्ही फक्त बाबांच्या नावाखाली रेघ ओढा. मी तेवढ्यापुरताच अंगठा देते. बाकी काही नको."

"म्हंजे फक्त हीच आवृत्ती," ईरण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "तसं ह्यात न्हाय, अव्वा."

ती घाबरली होती. भर दुपारी, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, ज्युनिअर कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवणारी बाई चार बोटं रुंद जुन्या वहीला घाबरली होती, आणि ते तिला कळत होतं. नको म्हणावं, कागद पिशवीत घालावा, दीडची एसटी धरावी. मग कंपनी आहे आणि मूळपान आहे. संध्याकाळी आई रोजच्यासारखं विचारेल, फोन आला का गं, आणि ती रोजच्यासारखं नाही म्हणेल. उद्याही म्हणेल. असं किती दिवस? आणि मग तासभर ती या म्हाताऱ्याला काय सांगत होती, भरोसा ठेवा म्हणून?

तिने अंगठा दौतीत बुडवला आणि वडिलांच्या ठशाशेजारी दाबला.

ईरण्णाने डोळे मिटून घेतले, उघडले, आणि बोरू उचलला. गुरुलिंग या नावाखाली एक रेघ गेली, सरळ, न अडखळता. बाबा आत्ता, या कट्ट्यावर गेल्यासारखं तिला वाटलं. ती काही बोलणार तोच तिला दिसलं की ईरण्णाचा हात कागदावरून उचलला गेलेला नाही. तो खाली सरकत होता. ईरण्णाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं, आणि धरलेलं असूनही ते सरकत होतं. मग तो पुढे वाकला आणि त्याच्या पाठीआड पान दिसेनासं झालं.

बोरूची करकर तेवढी ऐकू येत राहिली. नुसती रेघ ओढायला इतका वेळ लागत नाही, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपल्यालाच वेळ मोठा वाटतोय.

ईरण्णाने बाड मिटलं. शाई वाळू न देता मिटलं आणि खारवा गुंडाळून वर दोन गाठी मारल्या. त्याच्या तोंडावर घामाचे थेंब उभे होते.

"काय लिहिलं काका?"

"म्या बघितलं न्हाय."

"तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलंत."

"सुगीला तुमच्या दारात येईन, तवा म्हणून दाखवीन. रीत हाय ती." त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पाणी दाढीवरून सदऱ्यावर सांडलं. "आण तुझा कागद."

तिने कागद पुढे केला. ईरण्णाने अंगठा उठवला. या वेळी त्याने कागद उलटा करून पाहिला नाही, आणि सुलटाही वाचला नाही. शिवप्रियाने तिथंच मोबाइलवर त्याचा फोटो काढला. फोटोवर वेळ पडली, बारा वाजून त्रेचाळीस मिनिटं.

दीडची एसटी नळदुर्गापर्यंत खचाखच भरलेली होती. पुढे जागा मिळाली. खिडकीशी बसून ती अंगठा ओढणीने घासत राहिली, पण शाई निघाली नाही.

कॉलेजातले दुपारचे तास उरकून घरी पोहोचली तेव्हा आई, नागूबाई, चुलीशी... गॅस आला तरी ओट्याला ती चूलच म्हणायची... तर चुलीशी भाकऱ्या थापत उभी होती. दिवेलागण झाली होती. शिवप्रियाने हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं आणि लॅपटॉप उघडला. ईरण्णाच्या अंगठ्याचा फोटो चढवायचा, त्याच्या नावापुढे संमती लावायची, झालं काम. मूळपान उद्यापासून नव्या परवान्यात. दादाला आवडलं असतं.

संमतीचं पान उघडलं. वर तिचं नाव, त्यापुढे 'मान्य'. खाली ईरण्णा हेळवी, रिकामा रकाना. त्याखाली श्रीशैल.

श्रीशैलचा रकाना रिकामा नव्हता.

तिथं लिहिलं होतं, 'मान्य. पुढचंही.'

शिवप्रियाने पान बंद करून पुन्हा उघडलं. ते तसंच होतं. शेजारी आजची तारीख होती. वेळ, दुपारी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटं, अंगठ्याच्या फोटोच्या चार मिनिटं आधीची. रकान्यात लिहायला त्याचा पासवर्ड लागतो, आणि तो त्याने कधी कुणाला सांगितलेला नव्हता, तिलासुद्धा नाही. कुठून आलं, कुठल्या गावातून, कुठल्या फोनवरून, याचा काही माग पानावर नव्हता. नऊ वर्षांपूर्वीचे तेच दोन शब्द, तसेच, तितकेच.

"शिवू," आईने आतून रोजचा प्रश्न विचारला, "फोन आला का गं?"

शिवप्रियाची नजर पडद्यावरच होती.

"दादाचं आलंय," ती म्हणाली. "फोन नाही. लिहिलेलं."

परातीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नागूबाई तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. ती लॅपटॉपपुढे उकिडवी बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"कुठं हाय? दाव की."

शिवप्रियाने बोट ठेवलं. आईने त्या जागेवरून हात फिरवला. काचेवर पीठ लागलं.

"काय म्हणतो?"

"हो म्हणतोय."

"कशाला?"

"सगळ्यालाच."

आई हसली, रडली, पदराने डोळे पुसले. "म्या म्हणत हुते न्हवं? म्हणत हुते का न्हाय?" असं दोन-तीनदा म्हणाली. मग काहीतरी मनात आल्यासारखी पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"अक्षर त्याचंच हाय न्हवं गं?"

"इथं अक्षर कळत नाही आई. छापील असतं. माझंही असंच दिसतं, बघ, त्याचंही असंच."

"मग वळखायचं कसं?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. दोघींपैकी कुणी उठलं नाही. शिवप्रियाने ओढणीने काचेवरचं पीठ पुसलं आणि अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. आणखी. 'मान्य'मधला काना वाढत वाढत पडद्यावर मावेनासा झाला, तेव्हा खाली आकडा वळलाय का ते बघायला ती तो हळूहळू वर सरकवत खालच्या टोकापर्यंत आली.